पेट्रोलपंपावरील माप आणि मोल

रोजच्या व्यवहारात आपण ज्या वस्तू विकत घेतो, त्यांपैकी बहुतेक वस्तू पैसे देण्यापूर्वी आपल्या डोळ्यांखालून जातात. आठवडी बाजारात ज्वारी घ्यावयाची असली म्हणजे गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेते, त्यावर फुंकर मारते, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहते आणि मगच भावाची गोष्ट काढते. कापड घेणारा पोत चाचपून पाहतो. भाजी घेणारी गृहिणी भेंडीचे टोक मोडून पाहते. पेट्रोलची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. ते जमिनीखालच्या टाकीतून निघते, रबरी नळीतून वाहते आणि थेट वाहनाच्या टाकीत जाऊन पडते. घेणाऱ्याने ते पाहिलेले नसते आणि घेतल्यावरही त्याच्या हाती दाखविण्यासारखे काही राहत नाही. तो जे पैसे मोजतो, ते समोरच्या पेटीवर उमटलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवून मोजतो. उलटपक्षी विकणाऱ्याचीही स्थिती काही कमी नाजूक नाही. आपल्या देशात बहुधा आधी टाकी भरली जाते आणि मग पैसे मागितले जातात. टाकीत पडलेले पेट्रोल परत काढून घेता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक पैसे देईल या भरवशावरच पंपावरचा मनुष्य नळीचा खटका दाबतो. अशा रीतीने दोन अनोळखी माणसे दोन-तीन मिनिटांच्या अवधीत एकमेकांवर विश्वास टाकतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. हा विश्वास कशावर उभा आहे, तो कोठे ढासळतो आणि तो सांभाळणे कोणाचे काम आहे, याचा थोडा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विषय आमच्या बीड जिल्ह्यास विशेष जिव्हाळ्याचा आहे. परळी वैजनाथास आगगाडी फार पूर्वीपासून असली, तरी खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी सुरू होण्यास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तोवर जिल्ह्याच्या मोठ्या भागाचे सारे येणे-जाणे, मालाची ने-आण आणि आजाऱ्यास रुग्णालयात पोहोचविणे हे रस्त्यावरच अवलंबून होते, व आजही पुष्कळ अंशी तसेच आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे ट्रक व ट्रॅक्टर यांतून घाट उतरून जातात. शेतात नांगरटीला ट्रॅक्टर, विहिरीवर डिझेलचे इंजिन, आणि बहुतेक घरांपुढे एखादी दुचाकी, असे आजचे चित्र आहे. तेव्हा पंपावर मिळणारे माप खरे की खोटे, हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या मोटारींचा राहिलेला नाही. तो मजुराच्या दिवसाच्या मिळकतीचा प्रश्न झाला आहे.

मापाविषयीची शंका ही काही आजची नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी धान्य चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली यांनी मोजले जाई. माप शिगेचे की सपाट, हलवून भरलेले की अलगद भरलेले, यावरून भांडणे होत. गावोगावची मापेही एकसारखी नसत. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान पद्धतीची वजने-मापे ठरविण्यात आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. खोट्या मापाचा निषेध तर त्याहून कितीतरी प्राचीन आहे. मोशेच्या नियमशास्त्रात खरी तागडी व खरी मापे बाळगण्याची आज्ञा आहे. कुराणातील एक संपूर्ण सूरा माप कमी देणाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजन-मापांवर देखरेख करण्यासाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या देशांत निर्माण झालेल्या या ग्रंथांनी एकाच पापाची इतकी दखल घ्यावी, यावरून ते पाप किती सहज घडते आणि समाजाचे किती नुकसान करते, हे विद्यार्थ्यांनी ओळखावे.

आता पंपाचा इतिहास पाहू. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने १८८५ साली रॉकेल उपसून मोजण्याचा एक पंप तयार केला. मोटारी वाढल्या तसा हाच प्रकार पेट्रोलसाठी सुधारून घेण्यात आला. परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. लोखंडी पिंपातून नळीवाटे आलेले पेट्रोल किती आले आणि कसे आले, हे गिऱ्हाइकास दिसत नसे; त्यामुळे लोक कुरकुर करू लागले. यावर त्या काळच्या कारागिरांनी जो उपाय योजला, तो मोठा बोधप्रद आहे. पंपाच्या माथ्यावर त्यांनी काचेचे एक उंच नळकांडे बसविले व त्यावर मापाच्या खुणा केल्या. हाताने दांडा मारून आधी पेट्रोल त्या काचेत चढवावयाचे, गिऱ्हाइकाने खूण पाहून मान डोलवावयाची, आणि मग ते आपल्या भाराने मोटारीत उतरावयाचे, अशी ती रीत होती. काचेतून माप दिसे, तसा रंग आणि गढूळपणाही दिसे. पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत माप आणि किंमत दोन्ही आपोआप दाखविणारे पंप निघाले व काचेची नळकांडी हळूहळू नाहीशी झाली. काम जलद होऊ लागले हे खरे. पण पेट्रोल डोळ्यांआड गेले, आणि काचेची जागा आकड्याने घेतली.

आजच्या पंपाची रचना थोडक्यात अशी असते. जमिनीत पुरलेल्या टाकीतून पेट्रोल वर ओढले जाते व ते एका मापक यंत्रातून जाते. या यंत्रात लहान लहान दट्टे असून, त्यांच्या प्रत्येक फेऱ्यास पेट्रोलचा ठराविक अंश पुढे सरकतो. दट्ट्यांच्या फिरण्याने एक आस फिरतो, आणि त्या आसाला जोडलेले उपकरण प्रत्येक फेऱ्याचे विजेच्या ठोक्यांत रूपांतर करते. या उपकरणास पल्सर म्हणतात. ते ठोके मोजून पेटीतील गणकयंत्र लिटर व रुपये यांचे आकडे दाखविते. वैधमापन खात्याचे निरीक्षक हे यंत्र तपासून त्याच्या नाजूक भागांवर मोहोर लावतात, ती एवढ्यासाठी की तपासणीनंतर कोणी आत हात घालू नये. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दट्टे खरे बोलत असले, तरी ठोके मोजणाऱ्या उपकरणात लबाडी शिरली, तर पेटीवरचा आकडा खोटा ठरतो. तो पाहून गिऱ्हाईक मात्र निश्चिंत राहते.

अशी लबाडी घडत नाही असे नाही. २०१७ सालच्या एप्रिल महिन्यात लखनौ येथे पोलिसांनी काही पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात गुप्तपणे बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपा सापडल्या. त्यांच्यायोगे आकडा पूर्ण दिसे, पण पेट्रोल कमी पडे. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत तपासणी केली आणि तेथेही पंपांच्या यंत्रांत फेरफार केल्याचे आढळून आले.

कोणी म्हणेल, दोन लिटरांत दहा मिलिलिटर कमी पडले तर असे काय बिघडले? याचे उत्तर अंकगणितात आहे. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपये धरू. दोन लिटर घेणाऱ्या दुचाकीस्वारास अर्धा टक्का माप कमी मिळाले, तर त्याचे दहा मिलिलिटर, म्हणजे एक रुपयाचे नुकसान झाले. एका रुपयासाठी कोणी रांग अडवून तक्रार करीत नाही. पण ज्या पंपावर दिवसास पाच हजार लिटर खपतात, तेथे अर्धा टक्का म्हणजे पंचवीस लिटर, अर्थात दिवसाचे अडीच हजार रुपये होतात; आणि वर्षाच्या ३६५ दिवसांचे नऊ लाख बारा हजार पाचशे. हजारो माणसांच्या खिशांतून एकेक रुपया गेला. कोणाच्याही ध्यानात आले नाही. आणि एका ठिकाणी मोठी रास जमली. अशा चोरीत चोरी झालेल्यास ती कळत नाही, हीच तिची खरी शक्ती होय. म्हणून एकट्या गिऱ्हाइकाच्या सावधपणाने येथे पुरे पडत नाही. सर्वांच्या वतीने पहारा करणारी व्यवस्था हवी.

ती व्यवस्था आपल्याकडे आहे. वैधमापनशास्त्र अधिनियम हा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०११ पासून अंमलात आला. त्याच्या नियमांप्रमाणे पंपाच्या मापाची वर्षातून एकदा सरकारी तपासणी व फेरमुद्रांकन व्हावे लागते. यंत्र म्हटले की थोडा फरक राहावयाचाच. म्हणून पाच लिटरांमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य धरला आहे. परंतु ही सूट यंत्राच्या स्वाभाविक दोषासाठी दिलेली आहे, तिच्यातून नफा काढण्यासाठी दिलेली नाही, हे सचोटीच्या व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. प्रत्येक पंपावर मुद्रांकित असे पाच लिटरांचे एक धातूचे माप ठेवलेले असते. त्याची मान अरुंद असून तीवर रेघा असतात. शंका आल्यास कोणाही गिऱ्हाइकाने या मापात पाच लिटर भरून दाखविण्यास सांगावे. माप आधी एकदा ओले करून निथळून घेतात, सपाट जागी ठेवून भरतात आणि मानेवरची रेघ पाहतात. पाहून झाल्यावर ते पेट्रोल पुन्हा पंपाच्या टाकीत ओततात. यासाठी गिऱ्हाइकास काही पैसे पडत नाहीत.

माप खरे असूनही माल खोटा असू शकतो. त्यासाठी आणखी दोन परीक्षा आहेत. पहिली टिपकागदाची. नळीचे तोंड स्वच्छ पुसून पेट्रोलचा एक थेंब गाळण्याच्या कागदावर टाकावा. एक-दोन मिनिटांत तो उडून जावा व मागे तेलकट डाग राहू नये. डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. दुसरी परीक्षा घनतेची. पेट्रोल काचेच्या उंच भांड्यात घेऊन त्यात घनतामापक आणि तापमापक सोडतात व कोष्टकावरून १५ अंश तापमानाची घनता काढतात. पेट्रोलची घनता घनमीटरास ७२० ते ७७५ किलोग्रॅम या मर्यादेत असते. आणि टँकरमधून माल आला तेव्हा नोंदलेल्या घनतेशी ताडून पाहता तीन किलोग्रॅमहून अधिक फरक पडू नये, असा दंडक आहे. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत जो घनतामापक दुधात बुडवून विद्यार्थी आकडे लिहितात, त्याच्याच जातीचे हे उपकरण होय. पुस्तकातील धडा रस्त्याच्या कडेला कसा उपयोगी पडतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

याच ठिकाणी लोकांत रूढ असलेल्या दोन समजुतींचा विचार करणे अवश्य आहे. शंभराऐवजी एकशेदहा रुपयांचे पेट्रोल मागितले म्हणजे फसवणूक होत नाही, असे पुष्कळ लोक मानतात. वस्तुतः यंत्र आधी पेट्रोलचे आकारमान मोजते आणि मग त्यावरून रुपये काढते. आकारमान मोजण्यातच खोट असेल, तर शंभरात जितके टक्के तूट येईल, तितकीच एकशेदहातही येईल. दुसरी समजूत अशी की, पहाटेच्या थंडीत पेट्रोल घेतल्यास अधिक मिळते. दहा अंश उष्णता वाढली असता पेट्रोल सुमारे एक टक्का फुगते, एवढे यात सत्य आहे; परंतु पंपाची टाकी जमिनीत खोल असल्यामुळे तिच्यातील उष्णतामान पहाटे व दुपारी फारसे बदलत नाही. अशा तोडग्यांवर विसंबून राहण्यापेक्षा पाच लिटरांचे माप मागणे केव्हाही शहाणपणाचे.

तथापि प्रत्येक दोष हा लबाडीतूनच उत्पन्न होतो असे समजणेही न्यायाचे नव्हे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. उसाच्या मळीपासून व रसापासूनही ते काढतात, म्हणून आमच्या ऊसतोड कामगारांच्या श्रमाचा अंश त्यात आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. इथेनॉलचा गुण असा की ते पाणी चटकन शोषते. पावसाळ्यात टाकीत कोठून तरी पाणी झिरपले, तर इथेनॉल त्या पाण्यासह तळाशी जाऊन बसते आणि पेट्रोल वेगळे होते. असा माल गाडीत गेला की गाडी बंद पडते व संतापलेले गिऱ्हाईक पंपावाल्यास पाणी मिसळल्याचा दोष देते. पंपावाल्याने मापाच्या काठीस पाणी ओळखणारा लेप लावून टाकीचा तळ रोज तपासणे हे त्याचे कर्तव्य आहे. पण निष्काळजीपणा आणि चोरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुरावा पाहिल्यावाचून एकीला दुसरीचे नाव देणे हाही एक प्रकारचा खोटा तराजूच आहे.

पहारा करणाऱ्यांनी या कामी किती मोल दिले आहे, हे नव्या पिढीने जाणून घ्यावे. षण्मुगम मंजुनाथ हे इंडियन ऑइल कंपनीचे तरुण अधिकारी होते. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचा खून करण्यात आला. आपल्या महाराष्ट्रात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाच्या भेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आले. पाच लिटरांचे माप किंवा टिपकागद मागताना कोणास संकोच वाटला, तर त्याने या दोघांची आठवण करावी. त्यांनी प्राण देऊन जो हक्क राखला, तो आपण तोंड उघडून वापरूही नये काय?

येथवर विकणाऱ्याच्या बाजूचा विचार झाला. आता घेणाऱ्याने आपलीही बाजू तपासून पाहावी. परदेशांत ही गोष्ट मोठ्या स्पष्टतेने दिसून येते. ब्रिटनमध्ये वाहनाचा मालक स्वतःच टाकी भरतो आणि मग आत दुकानात जाऊन पैसे देतो, ही रीत आजही सर्रास आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही पूर्वी असेच चाले. तेथे मेपल रिज या गावी २००५ सालच्या मार्च महिन्यात एका चोराने सुमारे बारा डॉलरचे पेट्रोल भरले व पैसे न देता तो पळू लागला. ग्रँट दि पॅटी नावाचा चोवीस वर्षांचा कामगार त्यास अडवावयास गेला आणि त्या मोटारीखाली सापडून मरण पावला. त्यानंतर त्या प्रांताने कायदा केला, आणि १ फेब्रुवारी २००८ पासून तेथे आधी पैसे व मग पेट्रोल असा नियम झाला. लोक त्या कायद्यास ग्रँटचा कायदा म्हणतात. विश्वासाने चाललेली एक सोय थोड्या लबाड माणसांमुळे सर्वांनी गमावली, आणि तिच्याबरोबर एका आईबापांनी आपला मुलगा गमावला.

आपल्याकडे टाकी भरण्यास माणूस असतो, म्हणून पळून जाणे तितके सोपे नाही. तरी ते घडत नाही असे नाही. त्याचा भार कोणावर पडतो, हे पाहा. पंपाच्या मालकास लिटरमागे फार थोडे रुपये कमिशन मिळते. हिशेबापुरते ते चार रुपये धरू. कोणी पाचशे रुपयांचे पेट्रोल भरून निघून गेला, तर तेवढी तूट भरून काढण्यास सव्वाशे लिटर विकावे लागतील. आणि त्यातून वीज, पगार व इतर खर्च तर अद्याप वजा केलेलेच नाहीत. शिवाय कित्येक ठिकाणी दिवसअखेर हिशेबात आलेली तूट पाळीवर असलेल्या कामगाराकडून भरून घेतली जाते, असे ऐकिवात आहे. म्हणजे मालकास फसविल्याच्या आनंदात जो निघून जातो, त्याने बहुधा एखाद्या गरीब घरातील मुलाच्या दिवसाच्या मजुरीवर हात मारलेला असतो.

पैसे देण्याची साधने बदलली, तशी कसोटीची स्थळेही बदलली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा काही दिवस त्या पेट्रोलपंपांवर चालतील असे सरकारने ठरविले व ही सवलत २ डिसेंबरपर्यंत राहिली. त्या दिवसांत पंपांवर रांगा लागल्या, सुट्ट्या पैशांची चणचण झाली आणि उभयपक्षी बराच मनस्ताप झाला. २०१७ च्या आरंभी कार्डावरील व्यवहाराचे शुल्क कोणी सोसावयाचे, यावरून पंपचालक व बँका यांच्यात वाद उत्पन्न झाला, आणि कार्ड घेणे बंद करण्याची भाषाही झाली. २०१६ सालीच यूपीआय नावाची पद्धती सुरू झाली होती. आता तर लहान गावातील पंपावरही चौकोनी चित्रावर मोबाईल धरून पैसे देतात. येथेही लबाडांनी वाट काढली. पैसे गेल्याची खोटी पावती पडद्यावर दाखवून निघून जाण्याचे प्रकार घडू लागले. म्हणून पंपावर बोलकी पेटी आली. रक्कम खात्यात पोहोचली म्हणजे ती मोठ्याने आकडा सांगते. विचार केला असता, विकणाऱ्याच्या सोयीसाठी बसविलेले हे जुन्या काळचे काचेचे नळकांडेच होय. पूर्वी गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहत असे, आता पंपावाला कानांनी ऐकतो.

ओळखीच्या गिऱ्हाइकांचा व्यवहार याहूनही वेगळा असतो. ऊस वाहून नेणाऱ्या वाहनांस हंगामात पुष्कळदा कारखान्याच्या किंवा ओळखीच्या पंपावर डिझेल उधार मिळते, आणि त्याची रक्कम पुढे वाहतुकीच्या बिलातून वळती होते. अशा व्यवहारात चिठ्ठीवर लिहिलेला लिटरचा आकडा हाच पुरावा असतो. ज्यास वाचता येते, तो आकडा पाहून सही करतो; ज्यास वाचता येत नाही, तो अंगठा उठवितो व हंगाम संपल्यावर जो हिशेब सांगितला जाईल, तो ऐकून घेतो. ज्या पालकांनी स्वतः अशा चिठ्ठ्यांवर अंगठे उठविले व मुलांना मात्र शाळेत धाडले, त्यांच्या मुलांनी हंगामातील प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी, वहीत तारीखवार लिटर व रुपये मांडावेत आणि वडिलांस वाचून दाखवावेत. विद्येचा पहिला उपयोग घरच्या हिशेबात झाला, तर तीत कमीपणा कसला?

विश्वास डळमळला म्हणजे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रास २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आला. अपघातासंबंधीच्या नव्या कायद्याविरुद्ध मालमोटारींच्या चालकांनी काम बंद केले. पेट्रोल संपणार अशी आवई उठली, आणि ज्यांना गरज नव्हती तेही टाक्या भरून घेण्यासाठी धावले. त्यामुळे अनेक पंप खरोखरच रिकामे झाले. रुग्णवाहिका, दूधवाला आणि लांबच्या गावाहून आलेला प्रवासी यांस मिळावयाचे पेट्रोल दारापुढे उभ्या असलेल्या गाड्यांत जाऊन पडले. शेजाऱ्यास पुरावे म्हणून आपण गरजेपुरतेच घेणे, हाही मापाच्या सचोटीचाच भाग होय.

आता या सर्व विवेचनाचे सार सांगतो. काही लोक समजतात की, तपासून पाहणे म्हणजे अविश्वास दाखविणे. आणि म्हणून ते भिडेखातर गप्प राहतात. आमचे मत याच्या उलट आहे. ज्या पंपावर पाच लिटरांचे माप मागताच हसतमुखाने पुढे ठेवले जाते, त्या पंपावर मनुष्य पुन्हा कधी माप मागत नाही. जो गिऱ्हाईक बोलकी पेटी बोलेपर्यंत आपण होऊन थांबतो, त्याच्याकडे पंपावाला पुढच्या खेपेस संशयाने पाहत नाही. खरा विश्वास पाहू देण्याने वाढतो. झाकल्याने व टाळल्याने तो सरतो.

विद्यार्थ्यांनी यातून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. वडीलधाऱ्यांबरोबर पंपावर गेल्यास नळी टाकीत घालण्यापूर्वी पेटीवर शून्य आहे की नाही, ते पाहावे. भाव दररोज सकाळी सहा वाजता बदलू शकतो, ही पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर चालू आहे; तेव्हा फलकावरचा भाव व पेटीवरचा भाव ताडून पाहावा. पावती मागून घ्यावी. शंका आल्यास आवाज न चढविता, "दादा, जरा पाच लिटरांचे माप दाखवा," असे नम्रपणे म्हणावे. समोरचा मनुष्य बहुधा पगारी नोकर असतो, आणि यंत्रातील दोष त्याने केलेला नसतो. समाधान न झाल्यास पंपावरील तक्रारवहीत लिहावे, अथवा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ यावर कळवावे, किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात अर्ज द्यावा. तेथे सांगावयाची गोष्ट खरी व नेमकी असावी. ऐकीव गोष्टीवरून कोणाच्या व्यवसायास बट्टा लावू नये. आणि पंपावाल्याने चुकून दहा रुपये अधिक परत दिले, तर ते तेथल्या तेथे त्याच्या हातावर ठेवावेत.

आमच्या शाळेतून बाहेर पडणारे काही विद्यार्थी पुढे पंपाचे मालक होतील, काही तेथे नळी धरून उभे राहतील, काही कदाचित वैधमापन निरीक्षक म्हणून मोहोर लावावयास जातील. आणि गिऱ्हाईक तर सगळेच होतील. नळीच्या कोणत्याही टोकास आपण उभे असलो, तरी शून्यापासून सुरुवात व्हावी आणि आकडा खरा असावा, एवढा आग्रह प्रत्येकाने धरला, तर या जिल्ह्यातील गरिबाच्या रुपयास पूर्ण रुपयाचे मोल मिळेल.